काळ्या मातीची बखर

भैंसा हे गाव दोन मातींच्या शिवेवर वसलेले आहे. गावाच्या भोवती आणि पश्चिमेला, मुधोळ, तानूर, कुबीरच्या बाजूला कपाशीची काळी जमीन पसरली आहे. तिला तेलुगूत रेगडी म्हणतात आणि भूगोलाच्या पुस्तकातला 'रेगूर' हा शब्द त्यातूनच आला. पूर्वेला निर्मलकडे निघाले की थोड्याच अंतरात जमिनीचा रंग पालटतो. तांबूस, वाळूमिश्रित चलका लागते, कारण खालचा खडकच बदललेला असतो. इकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट, तिकडे त्याहून कित्येक पटींनी जुने ग्रॅनाइट आणि नाइस. मराठवाड्यातल्या भोकर तालुक्यातून येणारी सुधा नदी तेलंगणात सुद्धा वागू म्हणून ओळखली जाते. ती भैंशाला वळसा घालून गोदावरीला मिळते आणि दर पावसाळ्यात या काळ्या रानाचा थोडा भाग आपल्याबरोबर घेऊन जाते. निजामाच्या राज्यात हा मुलूख नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत मुधोळ तालुका आदिलाबादला जोडला गेला, २०१६ साली निर्मल जिल्हा वेगळा झाला. इथल्या घरांत आजही मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलल्या जातात. कागदावरच्या शिवा अशा सरकत राहिल्या. खडकाची शीव मात्र जागची हलली नाही, आणि पुढे येणाऱ्या हकिकतीत तीच साक्षीला उपयोगी पडते.

वाहून गेलेली माती शेवटी कुठे विसावते, याचे उत्तर भैंशापासून सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरहून दूर, बंगालच्या उपसागरात मिळाले. २००६ साली 'जॉइडिस रिझोल्यूशन' हे खोदकामाचे जहाज भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी आपल्या किनाऱ्यालगत फिरत होते. समुद्रतळाखाली बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेला मिथेन शोधणे हे त्याचे काम. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर हा मिथेन सापडला. तोही मुख्यतः सूक्ष्मजीवांनी बनवलेला, म्हणजे गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यापासून तयार झालेला. त्याच मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोरच्या उतारावर, १२६८ मीटर खोल पाण्याखालून, गाळाचा साडेआठ मीटरचा अखंड स्तंभ वर काढण्यात आला. त्यात शेवटच्या हिमयुगानंतरचा सुमारे अकरा हजार वर्षांचा गाळ थरावर थर साचलेला होता. कामिलो पोन्तोन, लिव्हियू जिओसान, टिमोथी एग्लिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्तंभाचा अभ्यास करून २०१२ आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. गोदाखोऱ्यातल्या शेतीचा आणि मातीचा इतका सलग दस्तऐवज जमिनीवर कुठेही शिल्लक नाही. शिलालेख आणि ताम्रपट राजांची दाने सांगतात, उत्खनने एकेका गावाची गोष्ट सांगतात. साऱ्या खोऱ्याची बखर समुद्राच्या तळाशी लिहिली गेली. त्या बखरीतली मुख्य गोष्ट अशी, की काळी माती पावसाच्या जोराने जितकी गेली, त्याहून अधिक ती उघडी पडल्यामुळे गेली. हे विधान वाटते तितके साधे नाही, म्हणून त्याचा पुरावा नीट तपासला पाहिजे.

चिखलाच्या स्तंभातून इतिहास वाचायचा तरी कसा? अळूच्या पानावर पाण्याचा थेंब ठरत नाही, कारण पानावर मेणाचा अत्यंत पातळ थर असतो. असे मेण कमीअधिक प्रमाणात प्रत्येक झाडाच्या आणि गवताच्या पानावर असते. पान कुजते, पण मेणातले लांब साखळीचे रेणू चिवट असतात. ते मातीच्या कणांना चिकटून नदीबरोबर समुद्रात जातात आणि हजारो वर्षे टिकतात. झाडेझुडपे आणि उष्ण, कोरड्या माळावरची गवते हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने घेतात, त्यामुळे त्यांच्या मेणातल्या कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण निराळे पडते. थराथरातले मेण वेगळे काढून हे प्रमाण मोजले, की त्या काळी खोऱ्यावर रान किती होते आणि कोरडवाहू गवत किती, याचा अंदाज येतो. दुसरी खूण निओडिमियम या मूलद्रव्याची. दख्खनच्या बेसाल्टमधल्या निओडिमियमची समस्थानिके आणि पूर्वेकडच्या जुन्या नाइसमधली समस्थानिके यांत इतका फरक असतो, की समुद्रतळावरचा चिमूटभर गाळ भैंशाच्या पश्चिमेचा की निर्मलच्या पूर्वेचा, हे प्रयोगशाळेत सांगता येते. तिसरी खूण रेडिओकार्बनची. थर साचला तेव्हा त्यातला सेंद्रिय कार्बन ताजा होता की आधीच शेकडो वर्षे जमिनीत मुरलेला होता, हे तिच्यावरून कळते. शिवाय समुद्राच्या पृष्ठभागावर जगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे त्याच गाळात मिळतात आणि त्यांच्यातला ऑक्सिजन तेव्हाच्या पाण्याच्या खारटपणाची साक्ष देतो. नद्यांचे गोडे पाणी भरपूर आले तर खारटपणा उतरतो, पाऊस रोडावला तर चढतो.

आता बखर काय सांगते ते पाहू. हिमयुग संपल्यावरच्या पहिल्या काही हजार वर्षांत पावसाळे जोरदार होते आणि पठारावर रान अधिक होते. साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून मेणाची साक्ष बदलू लागते. कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पतींचे प्रमाण हळूहळू वाढत जाते. सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत ही वाढ चालू राहते आणि त्यानंतर तीच स्थिती कायम होते. गेल्या तीन हजार वर्षांत, विशेषतः शेवटच्या सतराशे वर्षांत, उपसागराचे पाणी पूर्वी कधी नव्हते इतके खारट झाल्याचे प्रसंग कवचांत दिसतात. थोडक्यात, मध्य भारत कोरडा पडत गेला आणि तो एकदम नाही, तर एकापाठोपाठ आलेल्या अवर्षणांतून. इथवर आश्चर्य काही नाही. आश्चर्य पुढे आहे. पाऊस कमी झाला तर नदीचे बळ कमी, म्हणून गाळही कमी, असा हिशोब कोणीही करील. समुद्रतळावर नेमके उलटे दिसते. कोरड्या काळात गाळ साचण्याचा वेग वाढला, त्या गाळात दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढला आणि त्याच्याबरोबर येणारा कार्बन अधिकाधिक जुना होत गेला. म्हणजे वरचा पालापाचोळा तर गेलाच, पण खोलवरची, कित्येक पिढ्या मुरलेली मातीसुद्धा खरवडून निघाली.

मोसमी पावसाच्या प्रदेशात असे का होते, हे काळ्या रानाच्या वर्षभराच्या चालीत पाहता येते. या मातीतली स्मेक्टाइट जातीची चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. चैत्र-वैशाखात रानाला हात जाईल अशा भेगा पडतात, वरची ढेकळे उन्हाने भुसभुशीत होतात आणि त्यांवर गवताची काडीही नसते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस या उघड्या जमिनीवर पडतो. भेगा मिटेपर्यंत पाणी आत जाते. मग माती फुगते, आत जाण्याची वाट बंद होते आणि पुढचे पाणी वरूनच वाहू लागते. त्याबरोबर सुटी झालेली माती ओढ्यात जाते. पावसाचा एकूण आकडा खाली आला तरी तो पडण्याची तऱ्हा बदलत नाही. वर्षाचा बराच पाऊस थोड्या दिवसांच्या थोड्या तासांतच कोसळतो. रान दाट असेल तर त्या तासांचा मार पाने झेलतात आणि मुळे माती धरून ठेवतात. रान विरळ झाले की तोच मार थेट मातीवर बसतो. अवर्षणाचे साल सरल्यावर येणारा पहिला चांगला पावसाळा म्हणूनच मातीला सर्वांत घातक ठरतो.

याच काळात पठारावर माणूस काय करत होता, याची नोंद पुरातत्त्वाने ठेवली आहे. प्रवरेच्या काठी श्रीरामपूरजवळचे दायमाबाद हे गोदाखोऱ्यातले आरंभीचे मोठे शेतकरी गाव. १९५८ साली ते उजेडात आले आणि १९७९ पर्यंत तिथे टप्प्याटप्प्याने उत्खनन झाले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून तिथे वस्त्यांचे थर लागतात आणि इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास गाव ओसाड पडते. त्याच प्रवरेवरच्या जोर्वे गावाने एका संस्कृतीला नाव दिले. हसमुख सांकळिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी तिथे १९५०-५१ साली खोदकाम केले. पुढे नेवाशाचे उत्खनन झाले. या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची गावे नदीकाठच्या हलक्या, कसायला सोप्या मळईवर होती. चिकट काळी जमीन फोडण्याची अवजारे त्यांच्याजवळ नव्हती. ती लोखंडाने दिली. नागपूरजवळ पेंच नदीवरच्या नाईकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. पेंचेचे पाणीही शेवटी वैनगंगा-प्राणहितेतून गोदावरीलाच येते. लोखंडी फाळ आणि कुऱ्हाड हाती आल्यावर शेती नदीकाठ सोडून काळ्या पठारावर चढली. सातवाहनांच्या काळात पैठण राजधानी झाले, तेरची बाजारपेठ भरभराटली, आणि भैंशाच्या खाली गोदावरीच्याच काठी कोटिलिंगाला सातवाहनांच्या आरंभीच्या राजांची नाणी मिळाली. इतकी नगरे पोसायला किती रान मोडावे लागले असेल, याचा आकडा कुणी लिहून ठेवला नाही. समुद्रतळावरच्या थरांत मात्र त्याची नोंद झाली. २०१७ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की आधी पावसाच्या घसरणीने धूप वाढली, आणि नंतर आरंभीच्या शेतकऱ्यांनी, विशेषतः लोहयुगातल्या शेतीच्या विस्ताराने तिला आणखी वेग दिला.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. मेणातली खूण कोरड्या गवताची आहे, पण ज्वारी-बाजरीही त्याच गटात मोडतात. मग जे हवामान म्हणून वाचले ते खरे तर ज्वारीचे पीक असेल. शिवाय कोरडेपणा आणि शेती हातात हात घालून आली असेल, तर दोष कुणाचा हे ठरवणार कसे? आक्षेप वजनदार आहे आणि एकट्या मेणाच्या आधारे त्याला उत्तर देता आले नसते. पण कवचांतला खारटपणा पिकावर अवलंबून नाही, आणि तोही कोरडेपणाचीच साक्ष देतो. शिवाय गोदाखोऱ्यातच, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने झालेल्या त्या खळग्याच्या तळातला गाळ बाहेरच्या कुठल्याही नदीने आणलेला नाही, म्हणून त्याची साक्ष स्वतंत्र आहे. तिथल्या गाळाच्या अभ्यासातून दीर्घ अवर्षणाचे दोन काळ निघाले. एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. समुद्रतळ आणि सरोवर यांची पाने हुबेहूब जुळत नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण कोरडेपणा पठारभर होता आणि त्याची सुरुवात काळ्या रानात नांगर सर्वत्र पोचण्याच्या कितीतरी आधी झाली होती, एवढे दोन्ही मिळून ठामपणे सांगतात. म्हणून हवामान की माणूस, असा वाद घालण्यापेक्षा क्रम पाहावा. आभाळाने आवरण विरळ केले, मग माणसाने ते काढून टाकले.

दुसऱ्या अर्ध्या भागाचा, म्हणजे माणसाच्या हाताचा, पुरावा आजही मोजता येतो. तो मोजला गेला तेलंगणातच. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथल्या काळ्या जमिनीत १९७६ पासून दोन पाणलोट शेजारी शेजारी ठेवून तुलना केली गेली. एकात पूर्वापार पद्धत, पावसाळाभर रान पड ठेवायचे आणि रब्बीत जमिनीच्या ओलीवर पीक घ्यायचे. दुसऱ्यात रुंद सरी-वरंबे, पावसाळ्यातच पेरणी, पिकाचे आवरण आणि पाणी वाहून जायला गवताची चर. वर आभाळ तेच, खाली माती तीच. पहिल्यात वर्षाला हेक्टरी सहा टनांहून अधिक माती वाहून गेली, दुसऱ्यात सुमारे दीड टन. पावसाळ्यात रान पड ठेवण्याची रीत आपल्या शेतकऱ्याने अज्ञानातून काढलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. चिकट काळी जमीन ओली असताना तिच्यात औत घालता येत नाही, आणि श्रावणातल्या झडीत खरीप सडण्याची धास्ती असे. म्हणून रान वखरून, तण काढून, ओल साठवण्यासाठी तो मोकळे ठेवी. रब्बीची खात्री मिळवण्याची किंमत मातीने मोजली. दोन हजार वर्षे, लाखो एकरांवर, हीच रीत चालली असेल, तर समुद्रतळावरचा काळा गाळ का वाढला याचे उत्तर त्या दोन पाणलोटांच्या फरकात दिसते.

आणखी एक शंका राहते. स्तंभ एका जागचा आहे. गोदावरीचे मुख सरकले, एखादा फाटा त्या बाजूला वळला, तर खोऱ्यात काहीही न बदलता तिथे गाळ वाढू शकतो. केवळ गाळाची जाडी पाहिली असती तर या शंकेला उत्तर नव्हते. पण मुख सरकल्याने गाळाचा स्वभाव बदलत नाही. नाइसचा गाळ बेसाल्टचा होत नाही आणि ताजा कार्बन जुना होत नाही. हे बदल खोऱ्यातच झाले पाहिजेत. २०१८ साली मुहम्मद उस्मान आणि सहकाऱ्यांनी गोदावरीच्या उगमाकडच्या भागापासून मुखापर्यंतची माती आणि नदीचा गाळ तपासला. खोलवरची माती आणि ढासळणारे नदीकाठ यांतला कार्बन जुना आहे आणि समुद्रातल्या जुन्या कार्बनचा उगम तिथे असावा, असे त्यांना आढळले. नदीकाठ ढासळणे म्हणजे काय, हे गोदाकाठच्या कुणालाही समजावून सांगायला नको. पुरानंतर दरडीला पडलेली उभी चीर, तिच्यात दिसणारे मातीचे पट्टे, आणि पुढच्या पुरात नाहीसा झालेला तो सबंध तुकडा.

या गाळाचे जगाच्या हवेशी काय नाते आहे, हे आता सांगितले पाहिजे. पावसाचे पाणी आणि मुळांचा श्वास यांतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होते. ते बेसाल्टला ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी वेगाने खाते. खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका सुटतात आणि हवेतला कार्बन बायकार्बोनेट होऊन नदीतून समुद्रात जातो. समुद्रातले जीव त्यापासून चुनखडीची कवचे बनवतात तेव्हा त्यातला निम्मा कार्बन परत सुटतो, निम्मा तळाशी राहतो. विरघळलेल्या सिलिकेवर डायटम हे काचेच्या कवचाचे सूक्ष्म शैवाल जगते. त्याची बहुतेक कवचे बुडता बुडता किंवा तळाशी पुन्हा विरघळतात, अगदी थोडी गाडली जातात. पण जिवंतपणी डायटम हवेतून आलेला कार्बन शरीरात बांधते आणि मेल्यावर तो खाली नेते. इथे चिखल कामाला येतो. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी १९८७ पासून बंगालच्या उपसागरात खोल पाण्यात गाळाचे सापळे टांगले. वेणुगोपालन इट्टेक्कोट आणि सहकाऱ्यांना त्यांत दिसले की नद्यांचे पूर समुद्रात येतात तेव्हा खाली पडणाऱ्या कणांचे प्रमाण वाढते. मृत शैवालाच्या हलक्या गोळ्यांना नदीची चिकणमाती चिकटते, त्या जड होतात आणि कुजण्याआधीच झपाट्याने तळाला जातात. स्मेक्टाइटसारख्या मातीचा पृष्ठभाग इतका मोठा असतो, की तिच्या कणांवर बसलेल्या सेंद्रिय द्रव्याला जिवाणूंपासून आसरा मिळतो. शेजारच्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाबाबत व्हॅलियर गाली आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले, की नदीने आणलेला जमिनीवरचा सेंद्रिय कार्बन तिथे जवळजवळ सगळाच गाडला जातो. गोदावरी धरणांपूर्वी वर्षाला सुमारे १७ कोटी टन गाळ आणि त्याबरोबर सुमारे १५ लाख टन सेंद्रिय कार्बन समुद्राला देत होती. म्हणजे टनभर गाळामागे साधारण नऊ किलो.

हे वाचून कोणी म्हणेल, की मग धूप झाली ती बरीच झाली. माती गेली, पण हवेतला कार्बन कायमचा गाडला गेला. हा युक्तिवाद आज कार्बनच्या बाजारात वेगवेगळ्या वेषांत फिरतो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. समुद्रतळावरचा उत्तरकाळातला कार्बन जुना आहे, आणि यातच उत्तर आहे. जो कार्बन शेकडो वर्षे काळ्या मातीत सुरक्षित होता, तो तिथून उचलून समुद्रात ठेवला, तर हवेतून नवे काही कमी झाले नाही. वाटेत त्यातला काही भाग कुजून हवेत गेला असेल तर तोटाच झाला. खरी भर तेव्हाच पडते, जेव्हा वाहून गेलेल्या मातीच्या जागी नवी माती आणि नवी झाडी तयार होऊन हवेतून पुन्हा तेवढाच कार्बन घेते. उघड्या, खरवडलेल्या, मुरूम वर आलेल्या रानात ते होत नाही. खडक झिजून नवी माती तयार व्हायला लागणारा काळ शेतकऱ्याच्या पिढ्यांत मोजता येत नाही. म्हणून गाडला गेलेला कार्बन ही निसर्गाने केलेली बचत आहे, असे मी सुरुवातीच्या रानाच्या काळाबद्दल म्हणेन. गेल्या दोन-तीन हजार वर्षांबद्दल म्हणणार नाही.

बखरीचे शेवटचे पान आपल्या आजोबांच्या आणि वडिलांच्या काळातले आहे. १८५२ साली आर्थर कॉटनने धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण केला, तो मुखाजवळ होता आणि गाळ बराचसा पुढे जात राहिला. खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. २६ जुलै १९६३ रोजी जवाहरलाल नेहरूंनी पोचमपाडला धरणाची पायाभरणी केली. तेच आजचे श्रीरामसागर. त्याचे पाणी बासरच्या घाटांपर्यंत तुंबते, आणि भैंशाची माती आता तिथेच थांबते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीची पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. उपनद्यांवर शेकडो मध्यम आणि लघु प्रकल्प झाले, भैंशाला खेटून सुद्धा वागूवर गड्डेन्ना वागू प्रकल्प झाला. परिणाम मुखाजवळ मोजला गेला. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ नेत होती, १९९० च्या दशकात तो सहा कोटी टनांच्याही खाली आला. श्रीरामसागरची क्षमता ११२ टीएमसी धरली होती, १९९४ च्या मोजणीत ती ९० च्या आसपास भरली. त्रिभुज प्रदेशाला गाळ मिळेनासा झाला आणि तिथला किनारा समुद्र खाऊ लागला. सिलिकाही धरणांत अडते, कारण स्थिर पाण्यात गोड्या पाण्यातले डायटम ती वाटेतच वापरतात. डॅन्यूब नदीवरच्या आयर्न गेट्स धरणानंतर काळ्या समुद्रातली सिलिका घटल्याचे १९९७ साली मांडले गेले. पुढच्या मोजणीत त्या एका धरणाचा वाटा फार थोडा निघाला. यातून धडा एवढाच घ्यावा, की अशा बाबतीत एका बांधावर बोट ठेवू नये, सबंध खोऱ्याचा हिशोब करावा.

गाळ धरणात अडला म्हणजे कार्बनही तिथेच सुरक्षित राहिला, असे मानणे सोयीचे आहे, पण पूर्ण खरे नाही. जलाशयाच्या तळाशी प्राणवायूविना कुजणारा सेंद्रिय गाळ मिथेन सोडतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळपेर जमिनीवर नांगर फिरतो आणि तो कार्बन पुन्हा हवेला भिडतो. सव्वा किलोमीटर पाण्याच्या थंड अंधारात जे टिकले, ते पंचवीस-तीस मीटर उबदार पाण्यात त्याच भरवशाने टिकेल, असे म्हणता येणार नाही. मग या गाळाचे करायचे काय, याचे एक उत्तर दोन्ही राज्यांनी शोधले आहे. तेलंगणाने २०१५ साली मिशन काकतीय सुरू करून जुन्या तलावांतला गाळ शेतांवर नेला. महाराष्ट्राने २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना चालवली. जी माती समुद्राला जायची ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मूळ रानात परत येते, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. अट एकच, की परत आलेली माती पुढच्या मृगात पुन्हा उघडी राहता कामा नये. नाहीतर ट्रॉली आणि ओढा यांची फेरी चालूच राहील.

त्या कामाबाबत एक विनंती आहे. धरणे झाल्यापासून समुद्रतळावरची बखर अर्धवट लिहिली जाते आहे. तिची उरलेली पाने आता आपल्या तलावांच्या आणि जलाशयांच्या तळाशी आहेत. कोणत्या साली किती माती आली, ती कोणत्या रानाची होती, कपाशीनंतर सोयाबीन आल्यावर काय बदलले, हे सगळे त्या थरांत आहे. पोकलेन एकदा तळात उतरले की थर कायमचे मोडतात. तेव्हा गाळ उपसण्याआधी प्रत्येक तलावात एका जागी तळापर्यंत नळी घालून गाळाचा एक स्तंभ काढून ठेवावा, आणि जवळच्या विद्यापीठाने तो जपावा. त्याला चार-पाच मीटरचा पाइप, दोन माणसे आणि एक दिवस लागतो. सुरुवात भैंशाच्या गड्डेन्ना वागूपासून करावी. दोन मातींच्या शिवेलगतचा तो जलाशय आहे, आणि त्यात आलेली काळी माती कोणाच्या शिवारातली, हे सांगू शकणारे शेतकरी आज तिथे हयात आहेत.